दुरुस्तीनंतर जुनी गाडी थरथरायला लागली, तर

सेकंड हँड गाडी घेतली, काही महिन्यांत क्लचचं, ब्रेकचं किंवा सस्पेन्शनचं काम निघालं, आणि गॅरेजमधून परत आलेली गाडी आधी कधी थरथरत नव्हती ती थरथरायला लागली. पुढचा क्रम बहुतेकांचा सारखाच असतो. एक जण सांगतो बॅलन्सिंग करून घे, दुसरा म्हणतो माउंटिंग (इंजिन बॉडीला धरून ठेवणारं रबर) गेलं असेल, तिसरा थेट टायर बदलायला लावतो. पैसे जातात, थरथर राहते.

नव्या गाडीमालकाने इथे एकच गोष्ट धरून ठेवावी. थरथर कशामुळे येते हे पहिल्या दिवशी शोधायचं नाही, ती कधी येते हे शोधायचं. ठरावीक वेगाला येते, इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांना येते, रेस दिल्यावर येते, ब्रेक दाबल्यावर येते, की उभ्या गाडीतच येते? एवढं नक्की झालं की संशयाची यादी झटकन आखडते आणि मेकॅनिकशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी ठोस असतं. यातलं बरंचसं काम पाना हातात न घेता होतं.

आधी नट

दुरुस्तीत चाकं काढली गेली असतील तर सगळ्यात आधी चाकांचे नट तपासा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, आणि चाकं जमिनीवर असतानाच स्टेपनीसोबतच्या पान्याने प्रत्येक नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून बघा. शेजारचा शेजारी असा क्रम नको. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटरचा आवळ लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल, आणि टॉर्क पाना असलेल्या टायरवाल्याकडून तेवढाच आवळ द्यायला सांगा. हवेच्या गनने घाईघाईत नट मारले की एक प्रमाणाबाहेर घट्ट बसतो, दुसरा ढिला राहतो, आणि चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागावर, सरळ टेकत नाही.

अगदी हळू चालवतानाही गाडी लटपटत असेल आणि ही लटपट वाढत चालली असेल, तर बाजूला घेऊन तिथेच थांबा. "घर जवळच आहे, पोहोचू" असं म्हणायची ही वेळ नाही. चाक निखळण्याआधी गाडी असंच सांगते.

बिलावरचं काम आणि खरं उघडलेलं काम

बिलावर "क्लच सेट बदलला" एवढंच लिहिलेलं असतं. पण आपल्याकडच्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणजे दोन्ही एक्सल (गिअरबॉक्सकडून चाकं फिरवणारे दांडे) बाहेर येतात, माउंटिंग सुटतात, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म नकलपासून (हब धरणाऱ्या भागापासून) वेगळा होतो, काही गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप सुटतो, बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा निघतो. यातलं काहीही परत बसवताना चुकू शकतं. ब्रेक पॅडच्या कामात चाकं आणि कॅलिपर निघतात. शॉकअप बदलताना नकल मोकळा लोंबतो आणि त्याच्यासोबत एक्सलही ताणला जातो. ट्यूनिंगमध्ये प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीला हात लागतो.

म्हणून मेकॅनिकला शांतपणे विचारा, "या कामासाठी काय काय सोडलं होतं?" आणि उत्तर लिहून घ्या. दुरुस्तीनंतर लगेच सुरू झालेली थरथर दहापैकी बहुतेक वेळा याच यादीत सापडते. बदललेले जुने भाग परत मागायची सवयही पहिल्यापासून लावून घ्या. जुनी क्लच प्लेट किंवा जुनं माउंटिंग हातात घेऊन पाहिलं की बरंच कळतं.

रस्त्यावरच्या चाचण्या

सोबत एक माणूस हवा. तुम्ही चालवायचं, त्याने लिहायचं. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा भरून घ्या. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. रस्ता डांबरी निवडा. आपल्याकडचे अनेक महामार्ग आता सिमेंटचे आहेत आणि त्यांच्यात साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ८० च्या वेगाला ते सांधे सेकंदाला पाचच्या आसपास ठोके देतात, वर रस्त्यावरच्या बारीक रेघांची घरघर वेगळी. नवखा माणूस ती थरथर गाडीची समजून बसतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे तर अशा चाचणीला नकोच, तिथे मध्येच थांबता येत नाही.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर ४०, ६०, ८० असे वेग थोडा वेळ स्थिर धरा, रस्त्याची मर्यादा तेवढी असेल तर १०० पर्यंत जा. थरथर कुठे जाणवते ते नोंदवा. स्टेअरिंगमध्ये जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये किंवा पायाखाली जाणवली तर बहुधा मागची. "बहुधा" यासाठी, की लहान हलक्या गाड्यांत थरथर सगळीकडे पसरते.

मग त्याच वेगाला गिअर बदलून बघा. समजा ६० ला थरथरते. तिसऱ्या गिअरमध्ये ६०, चौथ्यात ६०. दोन्हीकडे थरथर तेवढीच राहिली तर ती चाकांच्या फिरण्याशी बांधलेली आहे, कारण इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या तरी तिला फरक पडला नाही. गिअर बदलताच ती नाहीशी झाली किंवा दुसऱ्या वेगाला सरकली तर ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या मागे जाते आहे. ही चाचणी फुकटची आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाची. पहिल्याच टायरवाल्याला पैसे देण्याआधी एवढी तरी करा.

नंतर थरथर सुरू असलेल्या वेगाला, मागेपुढे कोणी नाही असं पाहून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. काय बदललं? पुढच्या खेपेला क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद गाडी तशीच जाऊ द्या. ऑटोमॅटिक गाडीत फक्त पाय काढा, चालत्या गाडीत न्यूट्रलमध्ये टाकू नका. शेवटी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस देऊन काटा त्याच फेऱ्यांवर आणा. उभ्या गाडीतही थरथर आली तर चाकं आणि एक्सल सुटले, इंजिन, माउंटिंग आणि सायलेन्सर उरले.

क्लच दाबला तरी थरथर तशीच

मग टायर, रिम, हब, डिस्क, बेअरिंग यांपैकीच काहीतरी. ८० ते १०० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरणं आणि त्यापुढे कमी होणं हे बॅलन्सिंग गेल्याचं नेहमीचं लक्षण. चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून बघा. अलॉय रिमला चिकटवलेली वजनं पडतात, आणि जिथून पडली तिथे चौकोनी स्वच्छ डाग राहतो. पावसाळ्यात गाडी चिखलातून गेली असेल तर रिमच्या आत वाळलेला मातीचा थर बसलेला असतो, विशेषतः कोकणातून आल्यावर. तो खरवडून, पाण्याने धुऊन काढल्यावरच बॅलन्सिंगला जा.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक लावलं की स्वतः शेजारी उभे राहा. चाक फिरताना रिमची कड वरखाली किंवा आतबाहेर होते का ते डोळ्यांनी दिसतं. एका बाजूला ५०-६० ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर नुसती वजनं ठोकून घेऊ नका. रिम वाकलेली आहे की टायर बिघडलेला आहे ते विचारा. वजनं लावल्यावर पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलेलं पाहा. आणि एक गैरसमज कायमचा काढून टाका: व्हील अलाइनमेंट थरथरीचं औषध नाही. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. दोन्ही कामं एकाच दुकानात, एकाच पावतीवर होतात म्हणून लोक ती एक समजतात.

जुन्या गाडीत टायरांचं वय जरूर पाहा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. विकणाऱ्याने गाडी महिनोन् महिने एका जागी उभी ठेवली असेल तर टायर खालच्या बाजूला चपटे होतात. थोडे असतील तर तासभर चालवून सुटतात, जास्त असतील तर नाही. टायरच्या पृष्ठभागावर तळहात फिरवा, कुठे उंचवटा लागला किंवा बाजूला फुगा दिसला तर तो टायर त्याच दिवशी बदलायचा. आधीच्या मालकाने बाजारातले अलॉय बसवले असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं असू शकतं, तेव्हा मधली रिंग लागते. आणि कंपनीच्या लोखंडी रिमचे नट अलॉयला नेमके बसतातच असं नाही, नटाची टेकणारी बाजू वेगळी असू शकते.

खात्री करायचा स्वस्त मार्ग असा. चारही चाकं एकाच मापाची असतील तर त्याच बाजूची पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून घ्या. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकासोबत गेला, म्हणजे टायर किंवा रिम. थरथर स्टेअरिंगमध्येच राहिली तर चाक निर्दोष, हब-डिस्ककडे वळा.

थरथरीपेक्षा घुंऽऽ असा आवाज जास्त असेल, आणि हलक्या वळणावर एका बाजूला भार पडला की तो वाढत किंवा कमी होत असेल, तर बेअरिंग. सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये किंवा चिपळूणला २०२१ मध्ये पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी नकळत घेतली असेल, तर बेअरिंगवर आधी संशय घ्या.

पाय काढला की थरथर गायब

हे नीट समजून घ्यावं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

माझ्या ओळखीतल्या एकाची डिझेल हॅचबॅक क्लच सेट बदलल्यानंतर ६० ते ८० च्या दरम्यान रेस दिली की पुढून डावी-उजवीकडे हलायची. दोन ठिकाणी बॅलन्सिंग झालं, पुढचे दोन टायर नवीन झाले. मी त्याला एकच करायला सांगितलं: ७० ला पाय उचल. उचलताच गाडी शांत. पुन्हा दाबला की पुन्हा हलली. चाक असंतुलित असेल तर त्याला तुमचा पाय कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, ते फिरतंय तोवर थरथरणारच. भार आल्यावरच हलणारी गोष्ट म्हणजे एक्सलचा आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट.

गाडी लिफ्टवर घेतल्यावर उजव्या बाजूच्या आतल्या बूटची, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी आवरणाची, पट्टी तिरकी बसलेली दिसली आणि गिअरबॉक्सच्या अंगावर काळ्या ग्रीसचे शिंतोडे होते. जॉइंट उघडला. त्यात तीन रोलर असतात, प्रत्येकाच्या आत बारीक सुयांचं बेअरिंग. एका रोलरच्या सुया निसटल्या होत्या आणि कपाच्या खाचेत नखाला लागेल असा ओरखडा पडला होता. एक्सल काढताना कपाजवळ टॉमी (लोखंडी पहार) लावून तो सोडवायचा असतो. नुसता दांडा धरून ओढला की आत जॉइंट निसटतो, आणि तसाच परत ढकलला की असं होतं. जॉइंट आणि बूट बदलले, ग्रीस नवीन भरलं, काम संपलं.

बाहेरचा जॉइंट गेला तर खूण वेगळी: स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट-कट आवाज.

गाडी उचलताना, ब्रेक दाबताना

पहिल्या गिअरला क्लच सोडताना गाडी हिसके देत उचलते, पुढे ठीक चालते, हा क्लचचा जडर. नवीन प्लेट बसायला थोडे किलोमीटर लागतात, म्हणून आठवडाभर थांबायला हरकत नाही. त्यानंतरही राहिला तर फ्लायव्हील साफ केलं होतं का, त्यावर निळसर डाग होते का, ऑइल सील बदललं होतं का ते विचारा. प्लेटवर तेल आलं असेल तर गिअरबॉक्स परत उतरवण्यावाचून इलाज नाही. म्हणूनच क्लचच्या कामातच सील बदलून घ्यावं असं मी प्रत्येकाला सांगतो. सीलची किंमत मजुरीच्या मानाने किरकोळ असते.

ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली वरखाली धडधडत असेल तर डिस्क. पॅड बदलताना डिस्क काढली असेल आणि हबवरचा गंज तारेच्या ब्रशने न काढता परत बसवली असेल तर नवी कोरी डिस्कही तिरकी फिरते. आधी तेवढं साफ करायला सांगा, मग लेथवर घासायचं किंवा बदलायचं बघू. जोरात ब्रेक मारल्यावर पायाला लागणारी कडकड मात्र एबीएसची असते, तो दोष नाही. धडधड सीटमध्ये जाणवली तर रिकाम्या मैदानात २०-३० च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूच ओढा. तशीच धडधड आली तर मागचे ड्रम.

उभ्या गाडीतली थरथर

दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता येतात. एक बारीक, सलग गुणगुण: आरसा थरथरतो, डॅशबोर्ड वाजतो, एसी लावला की वाढते. हे माउंटिंग किंवा कुठेतरी बॉडीला टेकलेला सायलेन्सर. गिअरबॉक्स लटकत असताना माउंटिंगचे बोल्ट आवळले की रबर पीळ पडूनच बसतं. उपाय साधा आहे, मेकॅनिकला सांगून माउंटिंगचे बोल्ट सैल करायचे, इंजिन आपल्या जागी बसू द्यायचं आणि मग योग्य आवळ द्यायचा. इंजिन थंड असताना सायलेन्सर हाताने हलवून बघा, टेकत असेल तिथे चकाकलेली घासलेली खूण दिसते. लोकल माउंटिंगचं रबर बऱ्याचदा कडक असतं, ते बिनचूक बसवलं तरी थरथर थोडी जास्तच राहते. माउंटिंगच्या बाबतीत मी पैसे वाचवत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे सावकाश, मोजता येतील असे हादरे. गाडी मिसिंग मारते आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. प्लग, कॉइल, नीट न दाबलेलं कनेक्टर, परत न जोडलेला व्हॅक्यूम पाइप. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. २०१३ नंतरच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली ओबीडीचं सॉकेट असतं. छोटा ब्लूटूथ रीडर लावला की पी०३०१ सारखा कोड दिसतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा. बॅटरी काढली होती म्हणून आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या फेऱ्या) थोडे दिवस खालीवर होत असेल तर मात्र थांबा, अनेक गाड्या ते चालता चालता परत शिकतात.

आणि तीन सिलिंडरच्या गाडीत पहिल्यांदाच बसत असाल, म्हणजे ऑल्टो, क्विड, पेट्रोल टियागो यांसारख्या, तर आयडलला ती चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा जास्त हलतेच. तसलीच दुसरी गाडी एकदा चालवून तुलना करा, मगच दोष ठरवा.

फोनने मोजायचं असेल तर

जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप फोनच्या सेन्सरवरून थरथर सेकंदाला किती वेळा होते ते आलेखात दाखवतं. फोन सीटच्या पट्टीवर घट्ट टेकवायचा, आणि तो सोबतच्या माणसाने सांभाळायचा. आता हिशेब: १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२.२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे ११ वेळा फिरतं. आलेखात ११ ला शिखर आलं तर टायर-रिम. त्याच्या तिप्पट, ३४ च्या जवळ आलं आणि रेस दिल्यावरच आलं, तर तीन रोलरचा तो आतला जॉइंट. उभ्या गाडीत ८०० फेऱ्यांना चार सिलिंडरचं इंजिन २७ च्या आसपास शिखर देतं, तीन सिलिंडरचं २० ला. ७ च्या आसपास शिखर आलं तर एक सिलिंडर चुकतो आहे, कारण प्रत्येक सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येते.

गॅरेजमध्ये परत जाताना

"गाडी व्हायब्रेट होते" असं सांगू नका. "क्लचच्या कामानंतर, ६५ ते ८०, फक्त रेस दिल्यावर, क्लच दाबला की बंद, गिअर बदलून फरक नाही" असं सांगा, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून ट्रायलला न्या. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर चिडत नाही, त्याचा अर्धा वेळ वाचलेला असतो. काम एका वेळी एकच करून घ्या आणि दर कामानंतर तीच ट्रायल पुन्हा घ्या. तीन भाग एकदम बदलले तर थरथर गेली तरी कुठल्याने गेली ते कधीच कळत नाही, आणि परत आली की पुन्हा पहिल्यापासून. काम याच दुरुस्तीतलं निघालं तर मजुरी दुसऱ्यांदा देऊ नका. जुनं जॉबकार्ड आणि तुमच्या तारखेसकट नोंदी त्यासाठीच जपायच्या.

दुरुस्ती पटली, थरथर गेली, तरी चाकं निघाली होती ना? मग ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा तपासून घ्या.